त्यातल्या त्यात बरा कॅन्सर

माझी पत्नी मंगळवारी सकाळी गेली. थायरॉइडचा कॅन्सर फुप्फुसात गेला होता. मुलगी कॉलेजच्या होस्टेलवर होती. मी तिला फोन केला आणि ती एस.टी.ने रत्नागिरीला आली.

मुलगी डॉक्टर व्हायला शिकत होती. दिवसकार्य आटोपल्यावर ती परत गेली आणि काही महिन्यांनी एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या परीक्षेला बसली. लेखी पेपर चांगले गेले. सर्जरीची तोंडी परीक्षा मात्र अर्धी टाकून ती उठून आली. निकाल काय लागणार ते आम्हाला निकालाआधीच ठाऊक होतं. बाकीच्या विषयांत ती सुटली आणि सर्जरीत नापास झाली. पुढच्या खेपेला तेवढाच विषय द्यायचा होता.

घरी आल्यावरही काय झालं ते तिने लगेच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरात बोलायचं काम तिची आई करायची. आम्ही दोघं ऐकणारे. एका दुपारी पडवीत पेपर वाचत बसलो होतो, तेव्हा तीच म्हणाली, "बाबा, थायरॉइड आलं होतं."

"केस?"

"हो. चाळिशीची बाई, गळ्याला गाठ. सगळं बरोबर सांगितलं मी. प्रकार कोणते, कुठे पसरतात, ऑपरेशन कोणतं. मग सर म्हणाले, पॅपिलरी असेल तर प्रोग्नोसिस काय? म्हणजे पुढे पेशंटचं काय होणार. त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. उत्तम. सर म्हणाले, अगं, सगळ्यात सोपा प्रश्न विचारलाय तुला."

"मग?"

"मग काय. नाही आला तो शब्द. उठले."

तो शब्द वेगळ्या रूपात आमच्या घरात फार फिरला होता. गाठ पॅपिलरी आहे असं कळलं तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सरच व्हायचा असेल तर हा व्हावा, त्यातल्या त्यात बरा. मग भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणू लागला. शेजारचे काका म्हणाले, बँकेतले एक स्नेही म्हणाले. बायको एकदा वैतागली. "एवढा बरा आहे तर घेऊन जा ना कुणीतरी," ती स्नेह्यांना म्हणाली. "दोन दिवस ठेवा, आवडला नाही तर परत आणून द्या." स्नेही चहा अर्धा ठेवून उठले, आणि ती पदर तोंडाला लावून हसत राहिली.

ती गाठही आम्हा कुणाला दिसली नव्हती. मासळी बाजारात बांगडे घेताना खाली बसलेली कोळीण वर बघून तिला म्हणाली होती, "बाये, गळ्याला काय गो तुझ्या ता?" उभ्या माणसाला जे दिसत नाही ते बसलेल्याला दिसलं.

मी ग्रंथपाल होतो. आयुष्यभर पुस्तकं हाताळली. पाठीवरचा क्रमांक पाहून कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात जातं ते मला झोपेतही सांगता येईल, पण आतलं सगळं मला कळायचं असा त्याचा अर्थ नाही. बायकोच्या आजारात मी असाच होतो. कागद तारखेप्रमाणे लावले, गोळ्यांच्या वेळा पाळल्या, कोल्हापूरच्या खेपा केल्या. काय चाललंय ते मला कळत नव्हतं. डॉक्टर बोलायचे, मी मान डोलवायचो.

मुलीने सर्जरीचं जाड पुस्तक परत उघडलं, पण थायरॉइडचं प्रकरण ती उलटून पुढे जात होती. हर्निया, पित्ताशयाचे खडे, पायाच्या फुगलेल्या शिरा हे सगळं वाचून व्हायचं, आणि मधली ती पानं तशीच राहायची. परीक्षेत हे प्रकरण हमखास येतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते सोडून ती परत परीक्षेला बसली असती तर परत उठून आली असती. मग तिने डॉक्टर होणंच सोडलं असतं अशी मला भीती वाटत होती. तसं ती एकदा म्हणालीही होती, "बी.एड. करते नाहीतर."

म्हणून ते प्रकरण मी वाचायला घेतलं. ती सकाळी झोपलेली असताना शब्दकोश शेजारी ठेवून एकेक परिच्छेद वाचायचो. गळ्यात फुलपाखरासारखी ग्रंथी, हे शाळेत शिकलो होतो. तिच्यामागून आवाजाची नस जाते हे नवीन होतं. ऑपरेशननंतर बायकोचा आवाज महिनाभर घोगरा का होता ते मला तेव्हा, इतक्या उशिरा, समजलं. तिच्या ओठांना मुंग्या यायच्या आणि डॉक्टर कॅल्शियम द्यायचे, तेही समजलं: थायरॉइडला चिकटून चार बारीक ग्रंथी असतात, त्या दुखावल्या की रक्तातलं कॅल्शियम उतरतं. मी पुस्तक मिटलं. ते दिवस परत आले, पण या वेळी त्यांना अर्थ होता.

मग मी मुलीला म्हटलं, "मला हे समजत नाही, समजावून सांग."

"बाबा, तुम्हाला कशाला?"

"मला हवंय."

माझ्यासाठी म्हणून ती सांगायला तयार झाली. प्रकार चार. पॅपिलरी सगळ्यात जास्त आढळतो, हळू वाढतो, मानेतल्या लसिकाग्रंथींमध्ये जातो. फॉलिक्युलर रक्तातून जातो, हाडात, फुप्फुसात. मेड्युलरी वेगळ्याच पेशींचा, कधी कधी घराण्यात उतरतो, म्हणून भावंडांना आणि मुलांनाही तपासायचं. ॲनाप्लास्टिक म्हातारपणी येतो आणि वेळ देत नाही.

"म्हणजे पहिली गल्लीबोळातून जाते," मी म्हटलं, "या घरातून त्या घरात. आणि दुसरी हातखंब्याला जाऊन हायवे धरते, सरळ मुंबई नाहीतर गोवा."

तिला हसू आलं. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. "सरांना सांगू का असं? सर, हायवे धरते म्हणून?"

"सांग. लक्षात राहील त्यांच्या."

"लक्षात राहील तर. तिथेच नापास करतील."

"पण आईची गल्लीतली होती ना? मग ती फुप्फुसात कशी गेली?"

तिचं हसू गेलं. मग पुस्तकातून वाचल्यासारखी म्हणाली, "जाते कधी कधी."

दुसऱ्या दिवसापासून तपासणीचा सराव सुरू झाला. त्यासाठी मान लागते, माझी होती. मी पडवीत खुर्चीवर बसायचो, हातात पाण्याचा पेला. पेशंटला पाण्याचा घोट तोंडात धरायला सांगायचं, आणि समोरून बघत म्हणायचं, आता गिळा. थायरॉइडची गाठ असेल तर ती घोटाबरोबर वर सरकते. मग मागे उभं राहायचं, दोन्ही हात पेशंटच्या गळ्याभोवती ठेवायचे, अंगठे मानेवर मागे, बोटं पुढे. डॉक्टरने मागे उभं राहून पुढचा गळा तपासायचा, अशी ही एकच तपासणी असावी.

पहिल्या दिवशी तिचे हात माझ्या खांद्यांवरच राहिले. मी वाट पाहिली. समोर आमच्या जांभ्याच्या गडग्यावर एक खंड्या येऊन बसला होता, मी त्याच्याकडे बघत राहिलो. शेवटी बोटं पुढे आली. गार होती.

"हनुवटी थोडी खाली घ्या. गिळा. परत गिळा."

रोज हे व्हायचं. परीक्षेत जेवढा वेळ देतील त्याहून तिची बोटं माझ्या गळ्यावर जास्त वेळ थांबतात हे मला थोड्याच दिवसांत कळलं. सराव करता करता ती मला खरोखरच तपासत होती. मी घोट गिळत राहिलो.

मी परीक्षकही झालो. खुर्ची फिरवून घ्यायची, चष्मा नाकावर खाली घ्यायचा आणि प्रश्न विचारायचे. सगळी उत्तरं यायची. सुईने पेशी काढून तपासल्या तर फॉलिक्युलरची गाठ साधी की कॅन्सरची हे सांगता येत नाही, का? कारण पेशी सारख्याच दिसतात. कॅन्सर गाठीचं वेष्टण फोडून बाहेर पडलाय का ते बघावं लागतं, आणि त्यासाठी गाठच काढावी लागते. मेड्युलरीला आयोडीन का देत नाहीत? त्या पेशी आयोडीन घेतच नाहीत. असं सगळं. आणि पॅपिलरीचं प्रोग्नोसिस विचारलं की ती पाण्याचा पेला उचलून आत जायची.

एकदा मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. ती पेला विसळत होती. पेला स्वच्छच होता.

"मामी तिसऱ्यांचा डबा घेऊन आली होती," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी हो म्हटलं होतं."

कशाबद्दल बोलतेय ते मला लगेच कळलं.

ऑपरेशननंतर बायकोला किरणोत्सारी आयोडीन द्यायचं होतं. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, कॅन्सर झालेल्यासुद्धा. मग त्या आयोडीनमधले किरण त्या पेशींना मारतात. त्यासाठी आधी पेशी उपाशी ठेवाव्या लागतात. म्हणून दोनेक आठवडे आयोडीनचं सगळं खाणं बंद. हॉस्पिटलातल्या सिस्टरनी सांगितलं, मासे बंद, पुड्यातलं आयोडीनचं मीठ बंद, दूध बंद, अंड्याचा बलक बंद. थायरॉइडची गोळीही आधीपासून थांबवलेली, म्हणजे पेशी अधिक भुकेल्या होतात. ती गोळी थांबली की माणूस मंद होतो, सुजतो, गारठतो. बायको रत्नागिरीच्या उन्हाळ्यात शाल पांघरून बसायची, आणि आम्ही पंखा लावला की ओरडायची.

तिचं माहेर पूर्णगडला. घरात होडी, दारात जाळी. आमच्याकडेही माझ्या आजोबांपर्यंत होडी होती. अशा घरातलं माणूस मासे बंद म्हटल्यावर कसं जेवतं ते ज्याचं त्याला माहीत. डाळभातासमोर ती अशी बसायची की जणू कुणी तिला शिक्षा केली आहे. तेव्हा पूर्णगडहून तिची वहिनी डबा घेऊन आली. मुलगीही सुट्टीवर घरी होती. डब्यात खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या होत्या, विळीवर फोडून, ओलं खोबरं घालून केलेलं कालवण.

"वैनी, मासे बंद आहेत मला," बायको म्हणाली, पण डब्यावरून नजर काढली नाही.

"मासं बंद हायत, म्हायत हाय मला. ह्ये काय मासं हायत? तिसऱ्या हायत त्या."

"समुद्राचंच ना गो?"

"समुद्राचं कुठं, खाडीतल्या हायत. आन समुद्राचं सगळंच बंद म्हणतीस, तर मग खिडकी कशाला उघडी ठेवलीस? वारा पन समुद्राचाच हाय."

बायको हसली आणि मुलीकडे वळली. "काय गो डॉक्टर? चालतील?"

मुलगी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. सर्जरीचं पुस्तक अजून हातात आलं नव्हतं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मासे म्हटलंय त्यांनी. तिसऱ्या चालतील." मलाही ते पटलं. आमच्याकडे कुणालाही विचारा, मासे म्हणजे बांगडा, सुरमई, सौंदाळे. ज्याला काटा आहे तो मासा. शिंपीतल्या जिवाला आम्ही मासा म्हणत नाही. कोकणाबाहेरच्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. त्याने समुद्रातलं सगळं एकाच टोपलीत टाकलं असतं.

बायकोने दोन दिवस तिसऱ्या खाल्ल्या. सार वाटीला तोंड लावून प्यायली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, समुद्रातलं काही खाण्यात आलं का? तिने खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी डोस पुढे ढकलला. परत पथ्य, परत वाट बघणं, आणि शालीतला आणखी एक महिना. पुढे डोस झाला, पण सी.टी.त छातीत जे ठिपके दिसले होते त्यांच्यावर त्याचा उपयोग झाला नाही. फुप्फुसातल्या पेशींनी आयोडीन घेतलंच नाही, असं डॉक्टर नंतर म्हणाले. घरात त्या वाक्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मुलीने ते वाक्य त्या वाटीशी नेऊन जोडलं होतं, आणि एवढी वर्षं ते तसंच जोडून ठेवलं होतं, हे मला त्या पेल्याच्या आवाजातून कळलं.

"तुला माहीत आहे ना, तसं होत नाही?" मी म्हटलं.

"माहीत आहे. जास्तीचं आयोडीन काही आठवड्यांत लघवीतून निघून जातं. पाठ आहे मला. पाठ असून काय करू?"

तिला समजावणारं माणूस मी नव्हेच. ते काम जिचं, ती नव्हती. मी पडवीत जाऊन बसलो. बसल्या बसल्या मला स्कॅनची आठवण झाली. डोस दिल्यानंतर काही दिवसांनी पूर्ण अंगाचा स्कॅन झाला होता आणि डॉक्टरांनी मला तो त्यांच्या कॉम्प्युटरवर दाखवला होता. राखाडी रंगाची माणसाची आकृती, आणि गळ्याशी एक काळा डाग. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशननंतर थोड्या पेशी राहतात, त्यांनी आयोडीन घेतलंय. मग छातीकडे बोट नेऊन म्हणाले होते, इथे काही नाही. मला वाटलं, ठिपके गेले, आणि ते ऐकून बरं वाटलं होतं. घरी येऊन मी दोघींना सांगितलंही होतं, छातीत काही दिसलं नाही. नुकतंच ते प्रकरण वाचलं नसतं तर आजही मला तेवढंच माहीत असतं.

मी हाक मारली. "ये. अजून एक केस आहे."

"आज नको, बाबा."

"शेवटची."

ती आली, उभी राहिली. मी चष्मा नाकावर खाली घेतला.

"बाई, पन्नाशीची. पॅपिलरी. ऑपरेशन झालंय. पथ्यात असताना तिसऱ्या खाल्ल्या. डोस महिनाभर पुढे गेला. नंतरचं पथ्य कडक पाळलं, डोस दिला. स्कॅनमध्ये गळ्यातल्या उरलेल्या पेशींनी आयोडीन घेतलेलं दिसतंय. छातीत सी.टी.वर ठिपके आहेत, पण स्कॅनमध्ये तिथे काहीच दिसत नाही. का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "गळ्याने घेतलं होतं?"

"घेतलं होतं. मी पाहिलंय. काळा डाग होता."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"मलाच त्याचा अर्थ माहीत नव्हता. उत्तर दे."

ती परीक्षेतल्यासारखी, हात मागे बांधून, सपाट आवाजात बोलू लागली. "गळ्यातल्या पेशींनी आयोडीन घेतलं, म्हणजे शरीरात जास्तीचं आयोडीन शिल्लक नव्हतं. असतं तर त्यांनीही घेतलं नसतं. फुप्फुसातल्या पेशींना तेच रक्त मिळत होतं. त्यांनी घेतलं नाही, कारण त्या बदलल्या होत्या. आयोडीन ओढायचं त्या विसरल्या होत्या. काही पेशंटमध्ये होतं तसं."

"तिसऱ्यांमुळे?"

"नाही."

"नक्की?"

"नाही, बाबा. तिसऱ्यांमुळे नाही." आता आवाज सपाट राहिला नव्हता. "तो महिना गेला तो माझ्यामुळे. ते शालीतलं."

"तो महिना गेला खरा," मी म्हटलं. "तेवढाच."

मी तिला जवळ घेतलं नाही. आम्हाला ते येत नाही. पेल्यात थोडं पाणी होतं ते मी तिला दिलं आणि तिने ते पिऊन टाकलं. गिळताना तिच्या गळ्याकडे माझं लक्ष गेलं. काही नव्हतं.

मग मी विचारलं, "पॅपिलरी. प्रोग्नोसिस?"

"बहुतेकांत उत्तम," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "बहुतेकांत."

पुस्तकात ते वाक्य तसंच आहे. मी पुष्कळदा वाचलं होतं, पण नजर 'उत्तम'वर जायची. त्याच्या आधीचा शब्द आमच्या घरासाठी होता.

दुसऱ्या खेपेला तिला हर्नियाची केस आली. थायरॉइडचं कुणी काही विचारलंच नाही. एवढी तयारी फुकट गेली म्हणून ती फोनवर चिडली होती. मामीला पास झाल्याचं कळलं तेव्हा ती पूर्णगडहून आली, डब्यात तिसऱ्या घेऊन. ती डबा उघडायला कचरत होती. मुलीनेच झाकण काढलं. "काय गो मामी, मीठ पुड्यातलं घातलंयस की खडे?" मामी म्हणाली, "गप बस. परीक्षा तुझी संपलीया, माझी नको घेऊस." जेवताना आम्ही तिघंही फार बोललो नाही, पण डबा संपला.

आता ती इंटर्न आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. ओ.पी.डी.त एका बाईच्या गळ्याला गाठ होती, तपासणीत पॅपिलरी निघाली. बाई हिला बाजूला घेऊन म्हणाली, बाय, बरी होईन ना मी?

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"बहुतेक जणी होतात, म्हटलं. आणि पथ्याचं समजावून सांगताना तिसऱ्या, कालवं, खेकडे, सगळ्यांची नावं घेतली. नवरा म्हणाला, मॅडम, कोळणीकडची पाटीच वाचून दाखवताय की."

मी अजून सकाळी घोट तोंडात धरतो आणि आरशासमोर गिळतो. गळ्यात काही नाही. बायको नाही. आम्ही दोघं आहोत, आणि ते प्रकरण आता आम्हा दोघांनाही पाठ आहे.